शेजारची सीट

१

एकतीस वर्षं मी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या. माणूस खोटं बोलतो, पत्रा बोलत नाही, एवढंच शहाणपण मी त्या धंद्यातून घेऊन बाहेर पडलो. माझी बायको ट्रूडी तर सांगत फिरते, की व्हर्लिननं लग्नातला केकसुद्धा आधी खालून वाकून बघितला होता.

त्यामुळे डायकहाउसांची गाडी बघायला गेलो तेव्हा सगळी हत्यारं बरोबर होती. टॉर्च, अंगाखाली टाकायची जुनी सतरंजी आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. पत्र्याला पोचा आला असेल आणि वर पुट्टी भरून रंग मारला असेल, तर तेवढ्या जागी चुंबक चिकटत नाही. माणसं शपथा घेतात, चुंबक घेत नाही.

गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला! डेट्रॉइटची होती, लांबलचक, मोत्यासारखा करडा रंग, आत वाइनच्या रंगाचं चामडं. अठरा वर्षांची गाडी आणि चाललेली फक्त अडतीस हजार मैल. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. आठ वर्षांत चाकांच्या कमानी कुरतडून जातात, मग अठरा वर्षांचं विचारायलाच नको. मी सतरंजी टाकून गाडीखाली गेलो. गंजाचा एक ठिपका नव्हता. चुंबक सगळीकडे चिकटलं. गालिचे उचलून बघितलं, पुराचा गाळ नाही. डिकीतलं जादा चाक तर रस्त्याला एकदाही लागलेलं नव्हतं.

पाणी कुठेतरी मुरतंय, मी मनात म्हटलं. काहीच सापडत नाही म्हणजे मी नीट शोधलेलं नाही.

"आईची गाडी," विकणारी मार्सिया डायकहाउस म्हणाली. पन्नाशीची, डेनव्हरहून घर रिकामं करायला आलेली. दोन्ही हात कोटाच्या खिशात. "आई फारशी कुठं जायची नाही. रविवारी चर्च आणि शेवटी शेवटी डॉक्टर."

"एक चक्कर मारून येऊ? चला तुम्हीही."

"नको, तुम्हीच जाऊन या." आणि ती दोन पावलं मागे सरली.

रस्त्याला लागलो. गाडी कसली, लोणी! दोन मैल गेल्यावर माझं लक्ष डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे गेलं. शेजारच्या सीटवर मोठं माणूस बसलेलं नसेल तर तिथली एअरबॅग आपोआप बंद होते आणि तसा एक पिवळा दिवा लागतो. कोणी बसलं की विझतो. माझ्या शेजारी कोणी नव्हतं आणि दिवा विझलेला होता.

सापडलं एकदाचं, असं वाटून मला बरंच वाटलं. सीटखालचा सेन्सर अडकलेला. मग घंटा सुरू झाली. टिंग, टिंग, टिंग. शेजारच्यानं पट्टा लावलेला नाही म्हणून गाडी तक्रार करत होती. मैलभर सोसलं. शेवटी हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि लावून टाकला. घंटा थांबली.

परत आलो तेव्हा मार्सियानं काचेतून आत पाहिलं. "पट्टा लावलात होय तुम्ही," ती म्हणाली. तिनं मोठा श्वास सोडला आणि मला कॉफीला आत बोलावलं.

२

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. स्वयंपाकघरात बसलो, तिनं बदामाची पेस्ट्री कापली आणि आमच्या लोकांचा आवडता खेळ सुरू झाला. तुम्ही कुठले हुक्स्ट्रा, आमची मामी कुठली, कोण कोणाच्या चर्चमधलं. आम्ही इथले डच तीन वाक्यांत एकमेकांचे नातेवाईक निघतो. ट्रूडीची आत्या आणि मार्सियाची आई एकाच बायबल वर्गात शिकवायच्या, असं निघालं. एकदा पेस्ट्री खाल्ली आणि आत्या निघाली, की समोरच्याला उलटसुलट प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या घरात थुंकणं.

"आई कधी गेल्या?" एवढंच मी विचारलं.

"एप्रिलमध्ये. उपचार पुरे झाले नाहीत. शेवटच्या दिवसांत नेणारं कोणी नव्हतं." तिनं कपाकडे पाहिलं. "मी तिकडे लांब."

मग गाडीला अडतीस हजार मैल कसे, शेवटी कोण चालवत होतं, पट्ट्याचं बघून तुम्हाला बरं का वाटलं, हे प्रश्न माझ्या जिभेवर होते. कंपनीत असतो तर समोर बसवून एकेक विचारले असते. इथं मी म्हणालो, "कॉफी छान आहे." आणि तिनं सांगितलेल्या किमतीत घासाघीस न करता हो म्हणून आलो. हुक्स्ट्रांच्या सात पिढ्यांत असं झालं नसेल.

गाडीची निकड मात्र खरी होती. ट्रूडीचं ऑक्टोबरात छातीचं ऑपरेशन झालं. जानेवारीपासून तेहतीस वेळा रेडिएशन घ्यायचं होतं, सोमवार ते शुक्रवार, ग्रँड रॅपिड्सच्या इस्पितळात. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "एकही चुकवायचं नाही. उरलंसुरलं मारायचं ते ह्यानंच." पहिले तीन दिवस माझ्या पिकअपमधून नेलं. उंच गाडी. चढताना ट्रूडीला वरची कडी धरून अंग ओढावं लागे आणि ती ओठ चावून ओढायची. हूं की चूं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या ओठावर रक्त पाहिलं आणि त्याच संध्याकाळी जाहिराती चाळायला बसलो.

३

"अय्या, ही आपली?" ट्रूडी अंगणात उभी राहून हसली. "लोकांना वाटेल लॉटरी लागली म्हाताऱ्याला."

"बस तर आधी."

तिनं पुढचं दार उघडलं. क्षणभर आत पाहिलं. मग हलकेच दार लावून घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"काय गं? मी काय टॅक्सीवाला आहे?"

"मागे ऐसपैस आहे रे. हात टेकवता येतो."

पटण्यासारखं होतं. ऑपरेशनच्या बाजूला पट्टा काचतो, हे मलाही माहीत होतं. पण तिची ती दार लावायची पद्धत माझ्या ओळखीची होती. चर्चला जाताना आम्ही कधी कुणा वयस्कर बाईंना बरोबर घेतो, तेव्हा ट्रूडी असंच करते. पुढची जागा मोठ्या बाईची. कोणी सांगावं लागत नाही, बायको मुकाट्यानं मागे जाते आणि गुडघे एका बाजूला घेऊन बसते, पुढच्या सीटला लागू नयेत म्हणून.

मी आरशात पाहिलं. तिनं गुडघे एका बाजूला घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी ड्वेनच्या गॅरेजमध्ये नेली. ड्वेन माझ्यासाठी वीस वर्षं गाड्या उघडत आला आहे. त्यानं यंत्र लावलं, स्वतः सीटवर बसला, उतरला, पुन्हा बसला. बसला की दिवा विझे, उतरला की लागे.

"सेन्सर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बिघडलाय तो तुझ्या डोक्यातला. व्हर्न, तुला चांगली गाडी मिळाली हेच तुला सहन होत नाहीये."

"काल घंटा वाजत होती."

"सीटवर काय ठेवलं होतंस? चुंबक? बायकोचे टोमणे?"

मी हसलो. घरापर्यंत दिवा शहाण्यासारखा पिवळा जळत होता. म्हटलं, शंकासुर म्हणतात लोक आपल्याला ते उगाच नाही. दारात गाडी उभी केली, ट्रूडी पिशवी घेऊन बाहेर आली, मागचं दार उघडून बसली. दार लागलं.

दिवा विझला. थोड्या वेळानं घंटा सुरू झाली.

"पट्टा लाव ना रे," ट्रूडी म्हणाली. माझा पट्टा तर लावलेलाच होता. मी हात लांब केला आणि शेजारचा लावला.

४

हळूहळू तोच आमचा रिवाज झाला. साडेनऊला निघायचं. मिशिगन सरोवरावरून आलेलं बर्फ हायवेवर भुरभुरत असे. इस्पितळाच्या दाराशी मोठं छप्पर आहे, तिथं ट्रूडीला उतरवायचं आणि मी गाडी लावायला लांबच्या इमारतीत जायचं. बायकोला दारात सोडल्याशिवाय गाडी लावायला जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे अडाणी समजतात. रेडिएशनचा विभाग तळघरात. बायका गाऊन घालून बसलेल्या असतात, म्हणून पुरुष वरच कॉफी घेत थांबतात. पाऊण तासानं ट्रूडी लिफ्टमधून वर येई.

"झालं?"

"झालं."

"दुखलं?"

"छे! काहीच नाही."

खरंच काही होत नव्हतं. शेजारच्या बाईंनी घाबरवलं होतं, की तिसऱ्या आठवड्यापासून कातडी भाजल्यासारखी लाल होते, रात्र रात्र झोप लागत नाही. ट्रूडीची कातडी होती तशी गोरी. मलमाच्या ट्यूबचं झाकणही उघडलं नव्हतं. मी देवाचे आभार मानले आणि आभार मानता मानता मनात खुट्ट झालं. नुकसान दिसत नाही असा दावा माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो परत पाठवला असता.

पण कोणाला आणि काय विचारणार? सगळं चांगलं चाललंय ही काय तक्रार झाली?

गाडीत ट्रूडी हल्ली हळू आवाजात बोलायची. रेडिओवरच्या राजकारणाच्या गप्पा तिनं मला बंद करायला लावल्या. "नको, कोणाला आवडतं कोणाला नाही." एकदा म्हणाली, "व्हर्न, हीटर जरा वाढव. पुढं गार लागत असेल."

"मला नाही लागत गार."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी हीटर वाढवला. मला घाम फुटला आणि तो हीटरमुळंच फुटला असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी घरी आल्यावर मी शेजारच्या सीटवर तळवा ठेवला. चामडं कोमट होतं. सीट गरम करायचं बटण बंद होतं, मी तीनदा पाहिलं. ऊन म्हणाल तर फेब्रुवारीत आमच्याकडे सूर्य दिसला तर माणसं एकमेकांना फोन करून सांगतात. मी हात काढून घेतला आणि खूप वेळ धूत बसलो. आपल्याला भीती वाटते आहे हे मला मोरीशी उभा असताना कळलं. साठ मैलांच्या वेगात नुसता आवाज ऐकून गिअर बॉक्स ओळखणारा मी, आणि एका सीटला भ्यायलो होतो.

"ही गाडी विकून टाकतो," जेवताना मी म्हणालो.

ट्रूडीचा काटा हातातच राहिला. "आत्ता? अजून अकरा राहिलेत रे. मध्येच कसं सोडायचं? बिचारी..." आणि ती बटाट्यांकडे वळली.

"बिचारी कोण?"

"मीच. दुसरी कोण असणार?" ती हसली. माझी बायको चाळीस वर्षांत माझ्याशी खोटं बोललेली नाही, त्यामुळे तिला ते नीट जमत नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी छपराखाली नेहमीसारखी गाडी थांबवली. एरवी मी लगेच पुढच्या गाड्यांची रांग बघत बसतो. त्या दिवशी मान न वळवता शेजारच्या सीटकडच्या, उजव्या आरशात नजर लावून ठेवली.

दाराशी क्लॅरेन्स असतो. निळं जाकीट घालून फुकट सेवा करणारा म्हातारा, सगळ्यांचा लाडका. तो व्हीलचेअर ढकलत आला. ट्रूडीला व्हीलचेअर लागत नव्हती. ती काठी घेऊन चालत असे. क्लॅरेन्स थेट पुढच्या दाराशी आला आणि दार उघडलं. थंडगार वारा आत घुसला.

"सुप्रभात, मॅडम! आज काय थाट!" त्यानं वाकून कोपर पुढं केलं. "सावकाश. घाई कशाला, मशीन कुठं पळून जातंय?"

माझ्या शेजारच्या पट्ट्याचं बक्कल खट्ट करून सुटलं. मी ते सोडलं नव्हतं. सीटचं चामडं वर येताना हलकं कुरकुरलं, माणूस उठल्यावर कुरकुरतं तसं.

मी डोळे आरशावरच ठेवले. आरशात व्हीलचेअरचं खालचं अंग तेवढं दिसत होतं. पाय ठेवायच्या पट्टीवर तपकिरी मोजे, बसक्या टाचेचा काळा बूट आणि सुजलेला घोटा. दुसरा पाय पट्टीवर चढवायला त्रास होत होता. क्लॅरेन्सनं खाली वाकून तो उचलून ठेवला.

मग खुर्ची वळली आणि काचेच्या दारातून आत गेली. त्यानंतर मागचं दार उघडलं. ट्रूडी स्वतःची स्वतः उतरली, आधी पुढचं उघडं राहिलेलं दार लावलं आणि काठी टेकत त्या खुर्चीच्या मागोमाग आत गेली. मागच्या सीटवरून उतरणाऱ्या माझ्या बायकोला हात द्यायला कोणी नव्हतं.

मी इंजिन चालूच ठेवून गाडीबाहेर पडलो.

६

लिफ्टसाठी थांबलो नाही, जिन्यानं उतरलो. तळघरात माशांची काचपेटी होती आणि भिंतीला लागून खुर्च्या. ट्रूडी एका खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. अंगावर गाऊन नव्हता. घरून घालून आली तोच स्वेटर.

"तू इथं कसा? गाडी कुठं लावलीस?"

"आत का नाही गेलीस?"

"नंबर चालू आहे ना."

"कोणाचा?"

ती कोड्याकडे बघायला लागली. तेवढ्यात रेनी नावाची मशीनवरची मुलगी फायली घेऊन बाहेर आली. तिच्यापुढं जाऊन मी नाव सांगितलं, हुक्स्ट्रा.

"अरे वा, तुम्हीच का मिस्टर हुक्स्ट्रा! आत आहेत त्या, आता दहाच मिनिटं. आजचं धरून तेवीस होतील." ती हसली. "सगळ्यांनी त्यांच्याकडून शिकावं. रोज नाव विचारलं की नाव, जन्मतारीख विचारली की जन्मतारीख. एका शब्दानं कुरकुर नाही. भाजलंय केवढं, पण तोंडातून आवाज नाही."

ती गेली. मी ट्रूडीच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

"ट्रूडी, तुझी किती झाली?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"किती?"

"तीन," ती म्हणाली. "पिकअपनं यायचो तेव्हाची."

डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य, एकही चुकवायचं नाही, कानात घणासारखं बसत होतं.

"रागावू नकोस रे," ट्रूडीनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "गाडी घेतली त्या पहिल्या दिवशी मी खाली आले तर ही रेनी म्हणाली, मिसेस हुक्स्ट्रा तर केव्हाच आत गेल्या. आता तिथं सगळ्यांसमोर तमाशा करायचा का? म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तेच. मग सांगायची लाज वाटायला लागली. इतके दिवस का नाही बोललात, असं विचारलं असतं त्यांनी."

"अगं, तू मरशील!" मी ओरडलोच. एक बाई मासिकावरून मान वर करून बघायला लागली. ट्रूडीचा चेहरा लाजेनं लाल झाला. माझ्यामुळे, तिच्या आजारामुळे नव्हे.

"तिला माझ्यापेक्षा जास्त गरज होती, व्हर्न. तू तिला पहिल्या दिवशी बघायला हवं होतंस. मान धरत नव्हती. आणि आता..." तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "आता बरी दिसते. कालपासून बाहेर चालत येते."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता वर जायचं. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगू. टॅक्सी करू, पायी जाऊ, पण..."

आतलं दार उघडलं. पावलं ऐकू आली, बसक्या टाचांची, सावकाश, पण दोन्ही सारखी पडणारी. मी माशांच्या पेटीकडे बघत राहिलो. काचेत खुर्च्या दिसत होत्या, दिवे दिसत होते. त्यापलीकडे मला बघायचं नव्हतं.

पावलं आमच्यापाशी थांबली. ट्रूडी लगबगीनं उठली. तिनं भिंतीवरच्या हुकावरून आपला निळा कोट काढला, झटकला आणि खांद्यांशी धरून दोन्ही हातांनी उघडा केला, म्हाताऱ्या माणसाला घालायला मदत करतात तसा.

"ट्रूडी, तो तुझा कोट आहे," मी म्हणालो. "बाहेर बर्फ पडतंय."

"मला नाही लागत थंडी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

माझ्या डोळ्यांदेखत आधी डावी बाही भरली, मग उजवी.